जगात जर्मनी, निवाड्यात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीतला आपला वाटा जर्मनीने केव्हाच उचलला. स्टेफी ग्राफने १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि वर ऑलिंपिक सुवर्ण, सगळं एकाच वर्षात उरकलं. आम्ही परभणीकर फक्त निवाडा देतो.

टेनिसमध्ये सर्वश्रेष्ठ कोण? टपरीवर उत्तर तयार: जोकोविच, २४ ग्रँड स्लॅम. नदाल २२, फेडरर २०, विषय मिटला. रॉड लेव्हर व्यावसायिक झाला म्हणून १९६३ ते ६७ ग्रँड स्लॅम स्पर्धांना मुकला, तरी १९६९ मध्ये चारही (दुसऱ्यांदा!) जिंकला, असं सांगावं तर ग्लास खाली ठेवून विचारतात, “एकूण किती?”

अकरा.

“मंग बसा की!”

मार्गारेट कोर्टचेही २४ आहेत म्हटलं, तर चहावाल्याकडे वळून, “अजून दोन कट!”