कॅमेरॉनसाहेबांची भाजी

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर मान वर करून झाड बघायची सोय नाही. तेवढ्यात पायावरून स्कूटर जाते. म्हणून आत्यानं फर्मान काढलं, "लालबाग दाखव रे. झाडं तरी निवांत बघीन."

लालबाग बेंगळुरूला, चारशे किलोमीटरवर. पण पायपीट हुबळीतच सुरू. जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म आमचा, १५०७ मीटर. आपण उभे राहतो त्याच्या दुसऱ्या टोकाला आपला डबा येतो.

हैदर अलीनं १७६० मध्ये स्वतःसाठी लालबाग घालायला घेतली, टिपूनं देशोदेशीची रोपं आणवली. आता ही २४० एकर जागा तिकीट काढलं की आपली. आत्यानं तसंच धरलं आणि मालकिणीच्या थाटात पाहणी सुरू केली.

"एवढ्या जागेत कढीपत्ता कुठं दिसेना!"

म्हाताऱ्या पांढऱ्या सावरीची मुळं भिंतींसारखी उभी. आत्यानं दोन मुळांमधल्या जागेत डोकावून पाहिलं. "भावाभावांत वाटण्या झालेल्या दिसतात."

काचघराचा पाया १८८९ चा, घाट लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. मी कौतुकानं सांगत होतो. आत्या म्हणाली, "आमच्या हुबळीत आहे की! इंदिरा ग्लास हाउस." आणि पुढे निघाली.

केंपेगौडाच्या बुरुजाखालचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्याच्यावर बसून आत्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. पहिला घास मोडताना नक्की काय तडकलं, ते कळायला मला जरा वेळ लागला.

जेवताना मी सहज बोलून गेलो, की सीमेबदनेकाई, म्हणजे ते परदेशी वांगं, इकडे आणलं ते या बागेचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन यांनी, असं सांगतात.

आत्याचा घास हातातच राहिला. स्वस्त मिळते म्हणून आतोबा चाळीस वर्षं तीच भाजी आणताहेत. ना चव, ना वास.

"कुठं असतो हा?"

"अगं, जाऊन शंभरेक वर्षं झाली असतील."

"सुटला."

बाहेर पडताना तिनं कढीपत्त्याचं रोप घेतलं. ते छातीशी धरून मी पुन्हा ते १५०७ मीटर चाललो.

घरी आतोबांनी स्वतः स्वयंपाक करून ठेवला होता. "ओळख, भाजी कुठली?" ते हौसेनं म्हणाले.

आत्यानं झाकणसुद्धा उचललं नाही.

"कॅमेरॉन."