धंदा सप्तापुरात, मालक बंगळुरात

जानेवारी उजाडला की लहान दुकानदारांना शहाणं करण्याचा हंगाम सुरू होतो. सुटाबुटातले तज्ज्ञ पडद्यावर चार चौकोन दाखवतात: बळ, उणीव, संधी, धोका. मग विचारतात, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" धारवाडच्या सप्तापुरातला झेरॉक्सवाला याचं उत्तर तयारच ठेवून असतो. "इथंच रि. मशीनपाशी."

यात तज्ज्ञांना महत्त्वाकांक्षेचा अभाव दिसतो. आम्हाला अनुभव दिसतो.

कर्नाटक कॉलेज आणि विद्यापीठाच्या आसऱ्यानं वाढलेल्या या भागात आता क्लास नाही ती गल्ली नाही. विजापूर, गदग, कोप्पळ, रायचूरकडची पोरं केएएस, पीएसआय, एफडीए असली सरकारी नोकऱ्यांची अक्षरं उराशी धरून इथं येतात. त्यांच्या जिवावर पीजी चालतात, रीडिंग रूम चालतात, भाकरी-एण्णेगाईच्या खानावळी चालतात. या साऱ्या बाजारपेठेला कच्चा माल एकच लागतो, नोकरभरतीची सरकारी नोटिफिकेशन. ती बंगळुरात निघते आणि विकली जाते सप्तापुरात, पानामागं रुपया-दोन रुपये दरानं.

28 ऑक्टोबर 2024 ला राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा निकाल लागेपर्यंत नवी नोटिफिकेशन काढायची नाही. प्रश्न न्यायाचा होता आणि वर्षानुवर्षांचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्यासाठी नेमलेल्या नागमोहन दास आयोगाचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला, 17 टक्क्यांची सहा-सहा-पाच अशी वाटणीही झाली. पानं मांडून झाली, कुणी कुठं बसायचं तेही ठरलं, चूल तेवढी पेटायची राहिली. सप्टेंबरात पोरं धारवाडच्या रस्त्यावर उतरली. सरकारनं लगेच दखल घेतली आणि नोकऱ्यांऐवजी वयोमर्यादेत तीन वर्षांची सवलत दिली. खानावळवाल्या अक्कांनी याचा अर्थ तिथल्या तिथं लावला: गिऱ्हाईक तीन वर्षं कुठं जात नाही, उधारीही जात नाही.

त्यांची उधारीची वही बघण्यासारखी आहे. नावापुढं रक्कम, रकमेपुढं वसुलीची तारीख. तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद: 'पीएसआय झाल्यावर'. दूरदृष्टीचं व्यूहात्मक नियोजन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता धोक्याचा चौकोन. 22 सप्टेंबर 2025 पासून वहीवरचा जीएसटी शून्य झाला आणि झेरॉक्सच्या कागदावरचा 12 चा 18 टक्के. म्हणजे पोरानं हातानं उतरवून घेतलं तर तो विद्यार्थी, झेरॉक्स काढली तर चैनी. त्याआधी जुलैत यूपीआयचे आकडे मोजून राज्यभरच्या छोट्या व्यापाऱ्यांना कराच्या नोटिसा गेल्या. शेजारच्या हावेरीतल्या एका भाजीवाल्याच्या हातात 29 लाखांची पडली. तेव्हापासून चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड भिंतीकडं तोंड करून उभा आहे. डिजिटल व्हा, असं तज्ज्ञ अजून सांगतात. चहावाला "हौद, हौद" म्हणतो आणि सुटे मागतो.

नवं वर्ष तरी कुठलं धरायचं? जानेवारीचं क्लासवाल्यांचं, युगादीचं देवाचं, एक एप्रिलचं ऑडिटरचं, दिवाळी पाडव्याचं वह्यांचं. सप्तापूरचं वर्ष नोटिफिकेशन निघते त्या दिवशी सुरू होतं. त्या हिशेबानं 2025 साल नीट उगवलंच नाही. तरी कुणी भाड्याचं मशीन वाढवतो, कुणी खोलीत तिसरी कॉट घालतो. बाजारात तुरी, पण इथं भट-भटणीचं भांडणसुद्धा हप्त्यावर आहे.

तेव्हा तज्ज्ञांना एक विनंती. यंदाची कार्यशाळा सप्तापुरात नको, विधानसौधात घ्या. या सगळ्या दुकानांचा खरा मालक तिथं बसतो आणि चार चौकोनांची गरज त्यालाच आहे. फी आम्ही वर्गणी काढून भरू. हँडआउटच्या झेरॉक्स फुकट, 18 टक्के आमच्याकडून.