सॉकेटदादा

कुपवाडच्या प्रत्येक गल्लीत एक सॉकेटदादा असतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी एमआयडीसीत मेंटेनन्सला, पाळी फिरती, आणि मोबाइलमध्ये माणसांपेक्षा मदरबोर्डांचे फोटो जास्त. स्थळाला पाठवायला आईनं एक बरा फोटो मागितला, तर तासभर तो नुसते बी४५० आणि बी५५० बाजूला सारत बसला होता.

दहावी-बारावीचा निकाल लागला की त्याच्या दारात चपला वाढतात. पुढं बाप, मागं पोरगं. बाप म्हणतो, ‘‘अभ्यासासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. चाळीस हजाराच्या वर एक रुपया जायचा नाही.’’ मागं पोरगं डोळ्यांनी गयावया करत असतं. सॉकेटदादा ते बघून न बघितल्यासारखं करतो.

‘‘पुढं काय करायचं म्हणतोय?’’

‘‘मेकॅनिकल डिप्लोमा.’’

‘‘मग कॅड लागणार काका. आणि कॅड म्हटलं की ग्राफिक कार्ड आलंच.’’

कुपवाडात जेवढी पोरं व्हॅलोरंट खेळतात, तेवढ्या घरांत कॅडचं नाव आदरानं घेतलं जातं.

मग जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर यादी सुरू होते. खरी गंमत इथं आहे. दुकानदार प्रोसेसरपासून सुरू करतो, पोरगं ग्राफिक कार्डापासून, आणि सॉकेटदादा एसएमपीएसपासून. दिवसभर जळक्या मोटारी उघडणारा माणूस तो. वीज कुठून येते आणि कशी येते, यावर त्याचा आधी विश्वास नसतो. कॅबिनेटबरोबर फुकटात येणारा, वजनाला हलका, बाहेर ५०० वॉट लिहिलेला डबा त्याला दाखवला तर तो हातात घेऊन नुसता हलवतो आणि परत देतो. बोलत नाही. यादीत पहिली ओळ पडते : ऐंशी प्लसचा शिक्का असलेला ५५० वॉटचा. ‘‘आत्ता एवढा लागत नाही काका. पण उद्या कार्ड टाकलं तर? आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट खातंय.’’

दुसरी ओळ बोर्डाची. रॅमला चार खाचा, एम डॉट टूच्या दोन. इथं त्याचं आवडतं कीर्तन लागतं. एएमडीनं २०१६ साली एएम४ सॉकेट आणलं आणि २०२२मध्येही त्याच सॉकेटवर बसणारा नवा प्रोसेसर काढला. बायोस तेवढा अपडेट करायचा. इंटेलचं मात्र दोन-तीन पिढ्या झाल्या की सॉकेट बदललं, बोर्ड भंगारात. बापाला यातलं काही कळत नाही. तो चलनावरचे आकडे बघतो आणि विचारतो, ‘‘मग हे ग्राफिक कार्ड कुठाय?’’

‘‘आत्ता नको. आत्ता रायझन ५६००जी. त्यात आतच ग्राफिक हाय. रॅम खरं तर दोन स्टिक पायजेत, पण आत्ता आठची एकच. बाकी नंतर टाकू.’’

बापाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो. ‘‘म्हणजे वरच्या मजल्यासाठी सळया सोडायच्या!’’

अख्खी बैठक जिंकायला हे एक वाक्य पुरतं. कुपवाडात निम्म्या स्लॅबवर कॉलमच्या सळया गंजत उभ्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघून ज्याला आपण कर्ज काढलंय याचं समाधान वाटतं, त्याला रिकामा स्लॉट समजावून सांगावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर सॉकेटदादाचं शास्त्र पक्कं आहे. कच्चं आहे ते त्याचं ‘नंतर’.

पण त्याला डावलणाऱ्यांचे हालही मी बघितलेत. एका पोरानं ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून आय३ १२१००एफ उचलला. कार्ड दिवाळीत घेऊ म्हणाला. सगळं जोडलं, पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले आणि मॉनिटर काळाठिक्कर. बाप मॉनिटरवर थापा मारतोय, आजीनं नारळ फोडून ठेवलेला. सॉकेटदादा उंबऱ्यातच थांबला, कोपऱ्यातला रिकामा खोका वाचला आणि म्हणाला, ‘‘एफ हाय लगा. ह्याच्यात ग्राफिक नसतंय. कार्ड येईपर्यंत दिवे बघा.’’ तेवढ्यात आजीनं त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

दुसरा एकजण कंपनीतून निघालेला जुना डेल ऑप्टिप्लेक्स घेऊन आला. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांच्या एसएमपीएसच्या पिना कंपनीच्याच वेगळ्या, त्यामुळे बाजारातला दुसरा बसत नाही. सॉकेटदादानं डबा उघडला आणि चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, केस गेली.

त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर? त्याचं झाकण कायम उघडं, कारण ‘‘कधीपण कार्ड येईल.’’ ते २०२१ साली यायचं होतं. तेव्हा कार्डं इथेरियम काढणाऱ्यांनी उचलली आणि भाव आकाशाला भिडले. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं ते मायनिंग थांबलं, जुनी कार्डं बाजारात आली. ‘‘रात्रंदिवस घासलेली कार्डं कोण घेतंय?’’ म्हणून यानं नाक मुरडलं. त्याच महिन्यात एएम५ आलं. नवं सॉकेट, नवी डीडीआर५ रॅम. जुन्या स्टिक त्यात बसत नाहीत. आता घ्यावं की थांबावं, यावर तो अजून विचार करतोय. तोवर ६५० वॉटचा सोन्यासारखा एसएमपीएस जीटीएक्स १६५० ओढतोय, जे ७५ वॉटच्या वर मागतच नाही. खेळतो काय? जीटीए व्हाइस सिटी. २००२ सालचा गेम.

यादीतल्या गिऱ्हाइकांचंही तसंच. पोरगं डिप्लोमा करून पुण्याला चाकणकडं जातं, बहिणीला त्याच मशीनवर टॅली शिकायची असते, आणि कार्डाच्या खाचेवर धूळ बसते. रॅमची दुसरी स्टिक तेवढी कधीतरी पडते, तीही बोनस झाला तर.

तीच नेमकी २०२५च्या शेवटी अडली. एआयच्या डेटा सेंटरांकडं मेमरी वळली आणि रॅमचे भाव भडकले. ‘आत्ता आठची एकच, दुसरी नंतर स्वस्त मिळेल’ असं सांगितलेली सगळी पोरं एका रविवारी त्याच्या दारात. दुसऱ्या कुणाचं तोंड उतरलं असतं. हा सकाळी तिसरी पाळी करून आलेला. बनियनवर बाहेर आला, मोबाइलवर भाव बघितला, एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

‘‘कोण दुसरी घेऊ नका,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तुमच्याकडं जी एक हाय ना, ती आत्ता विकलीसा तर फायद्यात हाय.’’