चकलीची झाली भाजणी

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणाशी. कुकरला अजून दोन शिट्ट्या बाकी आहेत, ऐकू येतंय मला. पलीकडच्या काकूंच्या सुनेनं फराळाची वेबसाइट काढलीय ना, त्यावरून काल त्यांच्या ओट्यावर महाभारत झालं! मी आपली तुळशीला पाणी घालत होते हो, मुद्दाम नाही ऐकलं...

सुरुवात झाली त्या परत आलेल्या खोक्यावरून. काकूंचा हट्ट, "माल हातात पडल्यावरच पैसे मागावेत, तीच आपली रीत." म्हणजे ते कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डरी आल्या हो भराभर! पण नागपूरच्या कुणा बाईंनी खोकं दारातूनच परत धाडलं. "आता नको" म्हणे! कुरियरचं जातानाचं भाडं यांनीच भरलं, येतानाचंही यांच्याच डोक्यावर. आणि खोकं उघडलं तर... चकलीची पुन्हा भाजणी झालेली! काकूंचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू...

तर काय सांगत होते? हां, काका. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपला क्यूआर कोड टाक वेबसाइटवर. यूपीआयला एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायचं कमिशन, शून्य आहे 2020 पासून, दमडी जात नाही." सून हळूच म्हणाली, "बाबा, मागच्या महिन्यातलं सांगू का आईंना?" झालं! काका चष्मा पुसायला लागले. अहो, कुणीतरी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि यांनी तेवढ्यावर दोन किलो अनारसे रवाना केले. बँकेचा मेसेज बघायचा सोडून! वर त्याच माणसाचा फोन, "राहिलेत का पैसे? हा कोड स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होतील." सुनेनं हातातून फोन ओढला म्हणून वाचले. पैसे घ्यायला कधी पिन लागतो होय?

म्हणून तिनं आता पेमेंट गेटवे घेतलाय. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं एका पानावर, आणि पैसे आले तरच ऑर्डर पक्की. पॅन दिलं, बँक खातं दिलं, केवायसी झालं. काकूंनी विचारलं, "फुकट ना?"

"नाही आई, शेकडा दोन."

"नुसते पैसे इकडून तिकडे करायचे दोन?"

"आणि त्या दोनावर 18 टक्के जीएसटी."

म्हणजे बघा, नेटबँकिंगनं पैसे आलेल्या हजाराच्या डब्यामागे 20 रुपये, वर 3 रुपये 60 पैसे. हातात 976 रुपये 40 पैसे, तेही दोनेक दिवसांनी! काकूंनी कढईतून उचललेला झारा तसाच वर... तेल ठिबकतंय, बोलणं नाही.

पण सूनही काही कमी नाही हो. वही पुढे सरकवली. "त्या एका खोक्यात माल आणि भाडं मिळून सातशेवर गेले. तेवढ्यात तीस डब्यांचं कमिशन निघतं, आई." काकूंनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि चकल्या तळायला लागल्या. म्हणजे पटलं! त्यांचं पटणं असंच असतं.

शेवटी तह झाला. जुन्या गिऱ्हाइकांना कॅश ऑन डिलिव्हरी चालू, नव्यांनी आधी भरायचे. आणि काकांचा क्यूआर फक्त दाराशी उभ्या माणसाला, तोही पैसे आल्याचं साउंडबॉक्स ओरडल्यावरच.

माझं काय म्हणता? माझं आपलं कुंपणावरून चालतं. काकू डबा देतात, मी म्हणते "लिहून ठेवा"... पण अहो, आज सकाळी बघते तर आपल्या या बाजूच्या खांबावरही तो क्यूआर चिकटवलाय. आणि खाली सुनेच्या अक्षरात, "मागची दिवाळी धरून."

शिट्टी झाली वाटतं तुमची. जा, जा तुम्ही.