तडा गेलेली फरशी मिळेल का?

दुबईत पैसे टाकले की काहीही मिळतं. आमच्या अल बर्शाच्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये 2005 पासून, बाहेर रस्ते तापून निघत असताना, आत खऱ्या बर्फावर लोक घसरतायत. मिळत नाही ती तडा गेलेली फरशी.

ती कुणाला हवीय म्हणाल, तर मला. शनिवारी रात्री आम्ही काही चाळिशी उलटलेले गृहस्थ ऑनलाइन 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. त्यात जादूगार, राक्षस, भुयारं सगळं आलं. नकाशे काढायचं खातं माझ्याकडे. नकाशावरचा एक चौकोन म्हणजे 5 फूट, आणि त्या चौकोनांत शतकानुशतकं ओसाड पडलेलं देऊळ. त्याची फरशी आमच्या बिल्डिंगच्या लॉबीइतकी चकाचक असून कसं चालेल?

संगणकावर चित्र काढताना वापरायचे तड्यांचे तयार ब्रश, म्हणजे उमटवायचे ठसे, इंटरनेटवर फुकटात ढिगाने मिळतात. पण त्यांतले बरेचसे तडे आकाशात वीज कडाडल्यासारखे असतात. खरा तडा असा उगाच नाचत नाही. तो कोपऱ्यातून निघतो, नाहीतर जिथे वरवंटा आदळला तिथून. आणि वाटेत जुना तडा भेटला की बहुतेक वेळा तिथेच थांबतो. शिवाय एकच तडा ओळीने उमटला की शारजाचा आमचा जादूगार लगेच म्हणणार, "काय रे, भूकंप कॉपी-पेस्ट केलास का?"

म्हणून ब्रश घरीच करायचा. कृतीत काही नाही. फोटो 'क्रिटा' या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा, रंग काढून टाकायचे, मग लेव्हल्सचे काटे सरकवत जायचे, फरशी पांढरीफटक आणि तडा काळाकुट्ट होईपर्यंत. काळं तेवढं उमटतं, पांढरं गळून पडतं. ठशांमधलं अंतर वाढवायचं आणि दर ठशाला कोन आपोआप बदलेल असं करून ठेवायचं, म्हणजे जादूगाराचं तोंड बंद.

फोटो तेवढा हवा. आमच्याच फ्लॅटमध्ये फ्रिजखाली एक टाइल तडकलेली आहे. काय देखणा तडा आहे! दोन फांद्या, एकीला बारीक फाटा. पण बायकोने निक्षून सांगितलं, "हात लावायचा नाही. घर सोडताना डिपॉझिट कापतील. फोटो म्हणजे पुरावा."

मग बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेलो. खांबाजवळ छान भेग होती. मी ओणवा झालेला पाहून नातूर, म्हणजे इथला वॉचमन, धावत आला. "चाबी गिर गया, साब?" भेगेचा फोटो म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी तिथे राखाडी लुकण भरून वर हात फिरवलेला. तक्रार करायच्या आत काम होणं म्हणजे काय, ते मला नको तेव्हा कळलं.

शेवटी परभणीला आईला फोन लावला. माजघरातली शहाबादी फरशी माझ्या जन्माआधीपासून फुटलेली. "अरे, दुबईत राहून फुटक्या फरश्या कसल्या मागतोस? लोक काय म्हणतील?" असं म्हणाली खरी, पण फोटो आला. फरशी लख्ख पुसलेली, तड्यावर रांगोळीचं कमळ, बाजूला समई.

काकांनी मात्र शेतातूनच फोटो पाठवला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांचं असं जाळं कुठल्याही तयार ब्रशात नाही. अंदाज यावा म्हणून काकांनी शेजारी स्वतःची चप्पल ठेवली होती. लेव्हल्समध्ये माती पांढरी झाली, चप्पल काळीच राहिली. ती मी मुद्दाम खोडली नाही. आमच्या वीरांना ती गाभाऱ्यात सापडली, आणि तिच्यात कोणती जादू आहे हे शोधण्यात अख्खी रात्र गेली. राक्षस बिचारा शेजारच्या खोलीत बसून राहिला.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे अशी फरशी असेल तर दुरुस्त करण्याआधी एक फोटो काढून ठेवा. मोबाइल बरोबर तड्याच्या वर धरा, तिरपं ऊन टाळा, फरशी पुसू नका. मापासाठी रुपयाचं नाणं ठेवा. ते खोडायला सोपं जातं.