चीज आत, मटण बाहेर

(तुंगार्लीतला भाड्याने दिला जाणारा बंगला. आखाडातला रविवार, दुपार टळलेली. भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि घाटात त्याहून लांब रांग, म्हणून मुंबईच्या पाहुण्याने मुक्काम वाढवलाय. स्वयंपाकघरात बंगल्याचं सगळं बघणाऱ्या मावशी.)

पाहुणा : मावशी, आज तुम्ही नुसतं बसायचं. मी करणार. ग्रिल्ड चीज सँडविच! गोड, तिखट, आणि आत मांस. एक खाल्लं की रात्रीचं जेवण नको.

मावशी : मांस इथं न्हाई चालत. त्यो बोर्ड वाचा.

पाहुणा : (वाचतो) "ओट्यावर मांसाहार शिजवू नये. अंडेसुद्धा." अंडंसुद्धा?

मावशी : 'सुद्धा' मागनं लिवलंय. शाई येगळी बघा.

पाहुणा : मग लोक आखाडात लोणावळ्याला येतात कशाला?

मावशी : भाईर पत्र्याखाली चूल हाय की. मालकाचं म्हननं, पत्र्याखाली झालं ते बंगल्यात झालं न्हाई.

पाहुणा : पण माझा ग्रिलर विजेवरचा आहे. खास आणलाय. (बटण दाबतो. पुन्हा दाबतो.)

मावशी : दाबू नका, लाइट सकाळधरनं न्हाई. झाड पडलंय तारंवर.

पाहुणा : काय हे! आमच्याकडे मुंबईत असं होत नाही.

मावशी : कसं हुईल? आमच्या वळवणच्या, शिरवत्याच्या धरनाचं पानी खाली खोपोलीला सोडून तुमच्याकडं लाइट धाडत्यात.

पाहुणा : हो, टाटांचं वीजघर. 1915 सालचं. गिरण्यांसाठी बांधलं होतं ते.

मावशी : गिरन्या तर बंद पडल्या म्हनं. मंग त्येंच्या वाटची तार हिकडं वळवा.

पाहुणा : (विषय बदलत, पुडा उघडतो) हे बघा. ग्रुयेर. स्वित्झर्लंडचं चीज.

मावशी : (वास घेऊन मागे सरत) साहेब, हे इटलंय.

पाहुणा : विटलं नाही हो, मुरलंय! पाच महिने तरी मुरवतातच.

मावशी : आमचं लोनचं वरीसभर मुरतंय. शेजारी उठून येत न्हाईत.

पाहुणा : अहो, कला आहे ती. दूध तापवायचं, त्यात रेनेट घालायचं, म्हणजे ते दह्यासारखं बसतं. मग कापायचं, पाणी काढायचं, दाबायचं...

मावशी : विरजनच की. मिळतं कुटं ते?

पाहुणा : रेनेट? दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून.

मावशी : कुटनं?

पाहुणा : म्हणजे, वासराला चार...

मावशी : उचला. आधी ओट्यावरनं उचला ते.

पाहुणा : मावशी, हे चीज आहे! मांस नाही!

मावशी : मालकाला कळलं तर बोर्डावर आनखी येक 'सुद्धा' यील. फ्रीजमंदी अमूलचा डबा हाय, त्यो घ्या. हिरवा ठिपका हाय त्येच्यावर.

पाहुणा : त्याचं रेनेट सूक्ष्मजीवांपासून करतात, खरं आहे. पण ते प्रोसेस्ड! ग्रिल्ड चीजला ते...

मावशी : चांगलं इतळतं का न्हाई?

पाहुणा : (नाइलाजाने) वितळतं. ग्रुयेरपेक्षा शहाण्यासारखं. त्यात क्षार घालतात ना, म्हणून स्निग्धांश वेगळा पडत नाही. ग्रुयेर जरा जास्त तापलं की तेल एकीकडे, गोळा एकीकडे.

मावशी : मंग दोन्ही किसा. तुमचं चवीला, आमचं अब्रूला.

(दोघं सामान घेऊन पत्र्याखाली येतात. पाऊस पत्र्यावर इतका वाजतोय की पुढचं बोलणं ओरडून.)

पाहुणा : आता अडचण एकच. हॅम घरी राहिलं.

मावशी : म्हंजी मांस न्हाईच?

पाहुणा : नाही.

मावशी : आन् आर्ध्या तासापासून मला बोर्ड दावायला लावलाय! (पिशवीतून डबा काढते) काल आमची भाताची आवणी उरकली. आज घरी मटान क्येलंय, समद्यास्नी. श्रावन लागायच्या आत. सुकं हाय, घ्या.

पाहुणा : (झाकण उघडून गप्प होतो) ...हॅमचं नाव पुन्हा काढणार नाही. आता गोड. मी चिक्की आणलीय, चार पुडे. कुटून घालू?

मावशी : चिक्की गरम झाली की इतळंल, आन् गार झाली की दात धरंल. ती हाफिसात वाटा. गुळांबा घ्या. कैरीचा हाय, मे महिन्यातला. गोड बी आन् आंबट बी.

पाहुणा : मूळ कृतीत अंजिराचा जॅम आहे.

मावशी : त्येला आंबटपना कुटला? मटनाचा तुपकटपना कोन तोडनार?

(पाहुण्याकडे उत्तर नाही. मावशी कामाला लागतात. हाडं वेगळी काढून मटण बोटांनी सोडवतात आणि तव्यावर एकटंच परततात.)

पाहुणा : शिजलेलंच आहे की.

मावशी : शिजलंय, पर वलं हाय. मसाल्याचं पानी पावात उतरलं की पावाचा लगदा. तवा चरचरायचा थांबला म्हंजी पानी सपलं. पाव कालचाच घ्या, ताज्याला दम नसतो. आन् लोनी आतनं नको, भाईरनं लावा.

पाहुणा : हे मात्र मला माहीत होतं.

मावशी : मंग लावा की. (चिजाचा कीस खाली पसरून त्यावर मटण, मटणावर गुळांब्याच्या पाक निथळलेल्या फोडी, वर पुन्हा कीस.) वरनं बी चीज, खालनं बी. न्हाईतर मटान येका घासाला समदं भाईर.

पाहुणा : आता जाळ वाढवू?

मावशी : जाळ काढा! निखारं ऱ्हाऊ द्या. भाईरनं करपंल आन् आत चीज दगड. (वर ताटली उपडी घालून तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवतात.)

पाहुणा : हा तांब्या कशाला?

मावशी : तुमचं यंत्र काय करतं?

पाहुणा : वरून दाबतं. खालून तापवतं.

मावशी : ह्यो बी त्येच करतो. बिल येत न्हाई.

(थोड्या वेळाने मावशी उलथनं घालून पाव उलटतात. कडा तांबूस, आणि एका कोपऱ्यातून ओघळलेलं चीज तव्यावर जाळी धरून कुरकुरीत झालेलं. पाहुणा तेच आधी नखाने सोडवून तोंडात टाकतो. मग चावा घेतो. तोंड भाजतं, पण सँडविच सोडत नाही.)

मावशी : फुंकर घाला की वो!

पाहुणा : (तोंडात हवा घेत) आधी तिखट... मग कैरी... मग... मावशी, याला नाव काय द्यायचं?

मावशी : बारशाचं मागनं बघू. दुसरा खानार का? न्हाईतर राखनदाराला देते.

पाहुणा : दुसरा माझा. तिसऱ्याचं बोला.

मावशी : तिसऱ्याला मटान न्हाई. डब्यातलं चीज हाय, गुळांबा हाय.

पाहुणा : चालेल. तेच करा.

मावशी : मंग इथं पावसात कशाला? चला आत. त्यो ओट्यावर हुईल.