साग, मोर आणि करू भात

1954 साली मौद्याच्या एका आळीत राजनांदगावची नवरी उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुडाच्या पलीकडं उभ्या शेजारणीला विचारलं, "का साग रांधे हस?"

शेजारीण बुचकळ्यात पडली. रांधणं तिला कळलं, कारण नागपूरच्या पूर्वेला बायका स्वयंपाक करत नाहीत, रांधतातच. पण साग? साग म्हणजे रामटेकच्या जंगलातलं, दारं-खिडक्यांचं लाकूड. छत्तीसगढीत भाजीला साग म्हणतात, आणि 'काय भाजी केली' हाच तिकडचा नमस्कार, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं घरात जाऊन नवऱ्याला बातमी दिली, "थ्यायच्याकडं लाकडं शिजवतेत म्हणे."

ही नवरी पुढं सहा नातवंडांची आजी झाली. त्यांतल्या मधल्या नातवाच्या आठवणीवर आणि आजीनं स्वतःविषयी केलेल्या भरपूर प्रचारावर हा लेख उभा आहे.

आजीला आयुष्यभर लोक 'छत्तीसगडची' म्हणत, आणि आयुष्यभर ती ते नाकबूल करत असे. तिची बाजू इतिहासाच्या कसोटीला उतरते. ती लग्न होऊन आली तेव्हा राजनांदगाव आणि मौदा एकाच राज्यात होते. राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. त्याआधी इंग्रजांनी 1861 मध्ये मध्य प्रांत केला, त्याचीही राजधानी नागपूरच, आणि त्याआधी नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी 1758 पासून रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार बघत होते. म्हणजे बापानं मुलगी दिली ती राजधानीजवळ दिली, परमुलखात नव्हे. पुढं 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 1 नोव्हेंबर 2000 ला तिकडं छत्तीसगड झालं. एवढ्या काळात आजी चुलीपासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून चुलीपर्यंतच हिंडत होती. एकदा कुठल्याशा दाखल्यासाठी कारकुनानं विचारलं, "महाराष्ट्रात कधी आल्या, आजी?" आजी म्हणाली, "मी नाही आली बाप्पा. महाराष्ट्रच आला, साठ साली. मी आधीपासून इथंच होती."

कारकुनानं रकाना कोरा ठेवला.

तसं पाहिलं तर जनगणनेच्या हिशेबात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली प्रत्येक बाई स्थलांतरित ठरते, आणि भारतात बायकांनी गाव सोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण लग्नच. त्या न्यायानं या देशातल्या बहुतेक आज्या परगावच्या. फरक एवढाच, की कामठीहून मौद्याला आलेल्या सुनेला कुणी 'कामठीची भाषा बोलून दाखव' म्हणत नाही. आजीला म्हणत.

आणि ती बोलली की घोटाळे होत. भाद्रपदात तीजा येते, म्हणजे आपली हरतालिका. उपासाच्या आदल्या रात्री छत्तीसगडात बायका कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला म्हणतात 'करू भात'. करू म्हणजे कडू. नव्या सुनेनं पहिल्या वर्षी सासूला सांगितलं, "आज करू भात." सासू म्हणाली, "करू काय वो? करून झाला न!" सुनेनं पुन्हा सांगितलं, करू भात. सासूनं झाकण काढून शिजलेला भात दाखवला. दोघींचं हे असं बराच वेळ चाललं. शेवटी सून परसातून कारलं तोडून आली आणि पाट्यावर आपटून म्हणाली, "करू!" सासूला वाटलं, पोरगी कामाला भलतीच उत्साही आहे.

पुढं नातवंडं झाल्यावर आजीनं स्वतःला 'डोकरी दाई' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. छत्तीसगढीत बापाच्या आईला असंच म्हणतात, मानानं. इकडं मात्र डोकरी म्हणजे म्हातारी, तेही जरा तुसडेपणानं, आणि दाई म्हणजे बाळंतपण करणारी. नातवानं भर रस्त्यात "डोकरी दाई!" अशी हाळी घातली, की येणारे-जाणारे त्याच्या पाठीत धपाटा घालत. एकदा तर शेजारच्या वस्तीतला एक माणूस रात्री दोन वाजता कंदील घेऊन दारात आला. बायकोला कळा सुटल्या होत्या. आजीनं 'मी ती दाई नव्हे' वगैरे काही सांगितलं नाही. लुगडं खोचून निघाली. मुलगी झाली. पुढं मोठी होऊन ती मुलगी आजीला मामी म्हणायची, का ते कुणालाच कळलं नाही.

मधल्या नातवाची अडचण वेगळी होती. आजी त्याला झोपवताना 'मोर राजा, मोर लइका' म्हणायची. मोर म्हणजे माझा. नातू पाच वर्षांचा होईपर्यंत स्वतःला मोर समजत होता. शाळेत बाईंनी राष्ट्रीय पक्षी कोणता विचारलं, तेव्हा हा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मी."

पण आजीचा खरा मुलूख चूल. मिलमधल्या कामगाराची ही मुलगी (राजनांदगावची बीएनसी मिल, म्हणजे बंगाल नागपूर कॉटन मिल) मौद्याच्या पहिल्या जेवणाला बसली आणि पहिल्याच घासाला रडली. माहेरच्या आठवणीनं रडते असं समजून सगळ्या बायकांनी तिला जवळ घेतलं. ती रश्श्यामुळं रडत होती. मौदा, कुही, भिवापूर हा मिरचीचा पट्टा. इथं वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायचे सातरे चालतात आणि दिवसभर बायका शिंकत शिंकत किलोवर पैसे मिळवतात. हीच रडणारी नवरी पुढं हंगामभर सातऱ्यावर बसायची. नातवंडांच्या वह्या, दप्तरं आणि एका नातीचा शिलाईचा क्लास त्या देठांमधून निघाला. तिच्या हातांची आग रात्रीपर्यंत राहायची, म्हणून त्या दिवसांत ती लहानग्यांच्या गालाला हात लावत नसे, मनगटानं गोंजारत असे. हे नातवाला फार उशिरा उमगलं. तो इतकी वर्षं समजत होता की छत्तीसगडात मनगटानंच लाड करतात.

सासू-सुनेचा मोठा झगडा पानग्यांवरून झाला. सासू पळसाच्या पानात कणकेचे पानगे भाजायची. सून पळसाच्याच पानात, शिळ्या भातात तांदळाचं पीठ मळून अंगाकर भाजायची. विस्तव तोच, पानं तीच, तरी दोघी आपापल्या वस्तूला श्रेष्ठ मानत आणि घरातल्या पुरुषांना निकाल द्यायला लावत. पुरुष दोन्ही खाऊन तंबाखू मळत बाहेर जात. लाखोळीच्या डाळीवर मात्र तह झाला. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकायची रीत दोन्हीकडं आहे. तिकडं तिला तिवरा म्हणतात. जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं 2008 मध्ये ती उठवली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत सरकार आणि आजी यांचं या विषयावर बोलणं झालं नाही. ती डाळ भिजवायची, पाणी फेकायची, शिजवायची.

घरासमोरचा मोठा रस्ता, जुना सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, भंडारा, साकोली, देवरी करत थेट राजनांदगावला जातो. सुमारे 180 किलोमीटर. तीजेला तिचा भाऊ साडी घेऊन न्यायला यायचा. भाऊ गेल्यावर ती एकटी एसटीनं जाऊ लागली. बागनदीचा पूल ओलांडला की तिची मराठी गळून पडायची, आणि माहेरी पोचली की भाच्या हसायच्या, कारण तिची छत्तीसगढी ऐकून त्यांना वाटे, ही महाराष्ट्रातली बाई आपली नक्कल करते. याच वाटेनं गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये नागपूरहून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. मराठी घरातला माणूस तिकडं हिंदीचा मोठा कवी झाला. आजीच्या मते हा हिशेब चोख होता. "एक त्यायनं नेला, एक मी आली."

2013 च्या सुमारास मौद्याचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. आज त्याची क्षमता 2320 मेगावॅट आहे. कामासाठी बिहार, ओडिशा, बंगालमधून बिऱ्हाडं आली. शेजारच्या खोलीत एक उडिया जोडपं राहायला आलं, तेव्हा आजी ओट्यावर बसून गंभीरपणे म्हणाली, "बाहेरून लय लोकं येऊन रायले मौद्यात." दुसऱ्या दिवशी त्या उडिया सुनेला तिनं चिले (तांदळाची धिरडी) करून नेऊन दिले, आणि भाजी काय केली तेही विचारलं.

2022 च्या 1 मे रोजी नातवानं तिला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांनी, भूपेश बघेल यांनी, कामगारदिनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं होतं. बोरे म्हणजे पाण्यात घातलेला ताजा भात, बासी म्हणजे तोच रात्रभर भिजवलेला. आजीची सून पन्नास वर्षं ज्याला शिळं म्हणून नाक मुरडत होती, ते मंत्री-अधिकारी ताटात घेऊन बसले होते. आजीनं व्हिडिओ तीनदा बघितला. मग तिनं वाटीभर बासी, कांदा आणि लोणचं घेतलं आणि ओट्यावर येऊन, सगळ्यांना दिसेल अशी, खाल्ली. समोरच्या शाळेत महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन चाललं होतं. ते संपेपर्यंत ती उभी राहिली, वाटी हातात धरून.

2023 च्या डिसेंबरात ती गेली. तेरवीला मांडव पडला, पंगत बसली. कुडाच्या पलीकडची ती शेजारीण आता पार वाकलेली होती. तिला नातवानं हाताला धरून आणून पाटावर बसवलं. वाढप्या बादली घेऊन समोर आला, तशी तिनं मान वर करून विचारलं, "का साग रांधे हस?"

"आलू-वांगं," वाढप्या म्हणाला आणि वाढून पुढं गेला.